कृपा, पवित्रपणा आणि नियमशास्त्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे इंदूरला लोकमान्य नगरात दर शुक्रवारी संध्याकाळी दहाबारा जणं बायबल वाचायला बसतात. काही जन्मापासून चर्चला जाणारे, काही आत्ताआत्ता यायला लागलेले, आणि शेजारच्या दोन काकू ज्या नुसत्या ऐकायला म्हणून येतात आणि सगळ्यात अवघड प्रश्न त्याच विचारतात. रोमकरांस आणि गलतीकरांस ही प्रेषित पौलाची, म्हणजे ख्रिस्ताचा निरोप पोचवायला पाठवलेल्या माणसाची, बायबलमधली दोन पत्रं आम्ही फिरून फिरून वाचतो आणि दर वेळी तेच प्रश्न निघतात, म्हणून एकदा नीट लिहून काढतेय. मी पाळक नाही, सेमिनरीत शिकलेली नाही. पण एक गोष्ट मला मनापासून सांगायचीये, की देव आपल्याला आधी जवळ घेतो आणि मग बदलतो, हा क्रम उलटा लावला की सगळंच बिघडतं, आणि मी स्वतः वीसेक वर्षं तो उलटा लावूनच जगले.

कृपा म्हणजे नक्की काय? "देवाची कृपा आहे" असं तर आपण सगळेच म्हणतो न?

म्हणतो, आणि ते खोटं नाहीये. नोकरी लागली, ऑपरेशन नीट झालं, पोरगी पास झाली की तोंडातून तेच निघतं. पण पौल कृपा म्हणतो तेव्हा तो चांगल्या दिवसांबद्दल बोलत नसतो. रोमकरांस ५:८ (म्हणजे पाचवा अध्याय, आठवं वचन) काढून बघा, आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. "असतानाच" या शब्दावर बोट ठेवा. सुधारल्यावर असं नाही, सुधारायचं वचन दिल्यावर असंही नाही.

लूकच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात येशूने सांगितलेली उधळ्या पुत्राची गोष्ट आहे, बापाकडून आपला वाटा घेऊन लांब जाऊन उधळणाऱ्या धाकट्या पोराची. तो पोरगा डुकरांमागे राहून राहून कंटाळतो आणि घरी जायचं ठरवतो, आणि बापाला काय सांगायचं ते पाठ करतो : बाबा, मी पाप केलंय, मी तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मला मजुरासारखं ठेवा. बाप लांबूनच बघतो आणि धावत येतो, गळ्यात पडतो. पोरगा पाठ केलेलं बोलायला लागतो, पण शेवटचं वाक्य, ते मजुरासारखं ठेवा, ते त्याला बोलताच येत नाही, कारण तोवर बाप नोकरांना झगा आणायला सांगतोय, अंगठी आणा, जोडे आणा. त्या पोराच्या अंगाला अजून डुकरांचा वास असणार, आंघोळीचं कोणी नावही काढलेलं नाही. मजुरी करून घरात जागा मिळवायचा त्याचा प्लॅन बापाने ऐकूनच घेतला नाही. मला कोणी कृपेची व्याख्या विचारली की मी ही जागा वाचून दाखवते.

आणि तो मोठा भाऊ विसरू नका, जो बाहेर उभा राहून म्हणतो की इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय. घरातच राहणारा, एकही नियम न मोडलेला, आणि गोष्ट संपते तेव्हा तो आत गेला की नाही ते येशूने सांगितलेलंच नाही.

नियमशास्त्र म्हणजे बायबलमधले सगळे नियम का?

साधारणपणे मोशेच्या हातून इस्राएलाला दिलेलं शास्त्र. दहा आज्ञा त्यात आल्या, शब्बाथ म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, सण, अर्पणं, काय खायचं काय नाही, शुद्ध-अशुद्ध, सुंता, सगळं. यहुदी परंपरेत या आज्ञांची मोजणी ६१३ धरतात.

इथे एक गोष्ट बरेच जण बघत नाहीत. निर्गमाच्या २० व्या अध्यायात दहा आज्ञा सुरू होतात त्याच्या आधीचं वाक्य काय आहे? मी परमेश्वर तुझा देव, ज्याने तुला मिसरातून म्हणजे इजिप्तमधून, दास्यातून बाहेर काढलं. म्हणजे सुटका आधी झालेली आहे, समुद्र ओलांडून झालाय, मग सीनायवर आज्ञा मिळाल्यात. आज्ञा पाळा म्हणजे मिसरातून सोडवीन असं देवाने गुलामांना सांगितलं नव्हतं. जुना करार म्हणजे नुसते नियम आणि नवा करार म्हणजे नुसती कृपा असं जे काही जण सांगतात ते त्यामुळे मला पटत नाही.

मग नियमशास्त्र वाईट आहे का? पौल तर त्याच्या विरुद्धच बोलतो असं वाटतं.

नाही हो. रोमकरांस ७:१२ मध्ये तोच म्हणतो की नियमशास्त्र पवित्र आहे, आज्ञा पवित्र, न्याय्य आणि चांगली आहे. प्रश्न एवढाच की ते काय करू शकतं आणि काय नाही करू शकत.

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आमच्या दादांना, शुगर होती. रोज सकाळी पोह्यांच्या आधी ते मशीन काढायचे, बोटाला सुई टोचायचे, थेंब पट्टीवर घ्यायचे आणि आकडा यायचा, कधी २४०, कधी २६०. मग चिडायचे. पट्टी जुनी झालीय म्हणायचे, दुसरी लावायचे, दुसऱ्या बोटातून रक्त घ्यायचे, आकडा तोच. मशीन खरंच सांगत होतं, त्यात मशीनचा काय दोष. पण दिवसातून पन्नास वेळा टोचून घेतलं तरी मशीनने शुगर एका आकड्यानेही उतरत नाही, औषध पोटात जावं लागतं. रोमकरांस ३:२० मध्ये पौल हेच सांगतो की नियमशास्त्राने पापाची ओळख होते, आणि ८:३ मध्ये म्हणतो की नियमशास्त्राला जे जमलं नाही ते देवाने आपल्या पुत्राला पाठवून केलं. आम्ही काय करतो, तर मशीनलाच औषध समजतो, अजून कडक नियम, अजून एक उपवास, अजून लवकर उठणं, आणि आकडा काही बदलत नाही म्हणून एकतर मशीन फेकून देतो किंवा खोटा आकडा सांगायला लागतो. चर्चमध्ये दोन्ही प्रकारचे लोक भेटतात.

दुसरी उपमा पौलाचीच आहे. गलतीकरांस ३:२४ मध्ये मराठी बायबलात "बालरक्षक" असा शब्द आहे. त्या काळी श्रीमंताघरी एक दास असायचा जो मुलाला शाळेत सोडायचा, आणायचा, वाटेत वेडंवाकडं वागला तर दटवायचा. तो शिक्षक नसायचा. आमच्या पोरांना हे मी रिक्षावाले काका म्हणून समजावते. काकांनी शाळेत पोचवलं, दप्तर विसरलं तर ओरडले, भांडणं सोडवली, त्यांचे उपकारच आहेत. पण तुम्ही तीस वर्षांचे झालात आणि अजून रोज सकाळी काकांच्या रिक्षात जाऊन बसलात तर काकाच म्हणतील, अरे उतर, पोचलास तू.

येशू तर म्हणाला की मी नियमशास्त्र रद्द करायला आलो नाही?

हो, मत्तय ५:१७. पूर्ण करायला आलो म्हणाला. आपल्या घराचं कर्ज कोणी शेवटच्या हप्त्यापर्यंत फेडलं तर त्याने कर्ज रद्द केलं असं आपण म्हणत नाही, पूर्ण केलं म्हणतो, पण बँकेचा माणूस त्यानंतर दारात येत नाही हेही तेवढंच खरं. एवढंच सांगते.

कृपेनेच सगळं होत असेल तर पाप केलं तरी चालेल की मग?

हा सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि विचारणारे बहुतेक काळजीने विचारतात, आपली मुलं बिघडतील म्हणून. पौलालाही हेच ऐकावं लागलं होतं, रोमकरांस ६:१ मध्ये तो स्वतःच हा प्रश्न मांडतो आणि लगेच म्हणतो, कधीच नाही, जे पापाला मेले ते त्यातच कसे जगतील? त्याच अध्यायात १४ वं वचन आहे, पाप तुमच्यावर सत्ता चालवणार नाही, कारण तुम्ही नियमशास्त्राधीन नाही, कृपेच्या अधीन आहात. परत वाचा. आपण उलटं म्हटलं असतं, नियम ढिले केले की पाप वाढेल. पौल म्हणतो नियमाखालून निघालात म्हणूनच पापाची सत्ता सुटली. इथेच घोडं पेंड खातं, कारण हे आपल्या अनुभवाच्या उलट वाटतं.

माझ्यासोबत घडलेलं सांगते. मी बारावीत होते, आई डाळीच्या डब्यात घरखर्चाचे पैसे ठेवायची, तुरीच्या डाळीच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत. मी त्यातून पैसे घेतले, एकदा नाही, तीन-चार वेळा, मैत्रिणींसोबत सराफ्याला, इंदूरच्या रात्रीच्या खाऊ-बाजारात जायला आणि एक ड्रेस घ्यायला. आईला कळलं. मला कळलं की आईला कळलंय, कारण ती पिशवी वेगळ्या प्रकारे गुंडाळून ठेवलेली होती. मी दोन दिवस घाबरून होते की आता डबा बदलणार, कपाटाला कुलूप लागणार, बाबांना सांगितलं जाणार. तिसऱ्या दिवशी आईने मला स्वयंपाकघरात बोलावलं, यादी हातात दिली आणि म्हणाली, किराणा तू घेऊन ये आजपासून, डब्यातून किती लागतील ते तूच बघून घे. बस. त्यावर कधी काही बोलली नाही. मी डाळीत हात घातला तेव्हा मला रडू फुटलं, हाताला डाळ चिकटलेली तशीच उभी राहिले. त्यानंतर त्या डब्यातला एक रुपया मी इकडचा तिकडे केला नाही. कुलूप लागलं असतं तर मी किल्ली शोधली असती, मला माझा स्वभाव माहितीये.

तीताच्या पत्रात २:११-१२ मध्ये लिहिलंय की देवाची कृपा आपल्याला शिकवते, अभक्तीला नाही म्हणायला शिकवते. कृपा शिकवते. मी आईकडून ते डाळीच्या डब्यापाशी शिकले होते, बायबलमध्ये सापडायला पुढे बरीच वर्षं गेली.

पण जो माणूस क्षमा आहेच म्हणून मुद्दाम, ठरवून, मजेत पाप करत राहतो, त्याने कृपा घेतलीये असं मला नाही वाटत. त्याने फक्त शब्द घेतलाय.

पवित्रपणा म्हणजे सोवळंच झालं की? आम्हाला तर तेच माहितीये.

शेजारच्या काकूंनी विचारलेला प्रश्न, आणि माझ्या मते या पानावरचा सगळ्यात चांगला.

माझी आजी ख्रिस्ती घरातली, पण तिच्या आईकडून सोवळं आलेलंच होतं, ते काही बाप्तिस्म्याने गेलं नव्हतं. प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षरस घ्यायच्या रविवारसाठी ती आदल्या दिवशी लुगडं धुवून काठीने उंच दोरीवर टाकायची, आणि आम्हा पोरांना त्याच्याखालून जायची बंदी. चुकून शिवलं की परत धुणार, थंडीत सुद्धा. तिचा भाव खरा होता, देवासमोर जायचं तर स्वच्छ जावं, याला कोण वाईट म्हणेल. पण सोवळ्याचा नियम असा की ते मोडतं. स्वच्छ वस्तू घाणीला शिवली की स्वच्छ वस्तूच घाण होते, घाण कधी स्वच्छ होत नाही. म्हणून सोवळ्यातल्या माणसाला सतत अंग चोरून राहावं लागतं.

मोशेच्या नियमशास्त्रातही हाच हिशोब आहे. लेवीय १३ मध्ये कुष्ठरोग्याने वस्तीबाहेर राहायचं आणि अशुद्ध अशुद्ध म्हणून ओरडायचं. लेवीय १५ मध्ये रक्तस्राव होत असलेली बाई जिथे बसेल ते अशुद्ध, तिला शिवेल तो संध्याकाळपर्यंत अशुद्ध. आता मार्कचं शुभवर्तमान काढा. पहिल्या अध्यायात कुष्ठरोगी येशूकडे येतो आणि येशू हात पुढे करून त्याला शिवतो. नुसत्या शब्दाने बरं करता आलं असतं, दुसऱ्या ठिकाणी लांबून बरं केलंच आहे त्याने, पण इथे हात लावतो. पाचव्या अध्यायात बारा वर्षं रक्तस्राव असलेली बाई गर्दीत मागून येऊन त्याच्या कपड्याला शिवते. बारा वर्षं तिला कोणी जवळ बसवलं नसणार. नियमाप्रमाणे आता येशू अशुद्ध व्हायला हवा होता. झालं काय, तर ती बरी झाली. आणि तो थांबतो, तिला सगळ्यांसमोर "मुली" म्हणतो.

म्हणजे याचं सोवळं मोडत नाही, ते समोरच्याला लागतं. मला वाटतं पवित्रपणा या शब्दाचा अर्थच इथे फिरतो. आपण पवित्र राहायला लोकांपासून लांब पळत नाही, आपण त्याला चिकटून राहतो, आणि त्याचं जे आहे ते आपल्यात उतरतं. काकू त्या दिवशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, लहानपणी कावळा शिवला की मला मागच्या पडवीत बसवायचे, तेव्हा कोणीतरी हे सांगायला हवं होतं.

पाळी चालू असताना प्रभुभोजन घेतलं तर चालतं का?

चालतं. पूर्णपणे चालतं. वरची बाई लक्षात ठेवा. हा प्रश्न मला बायका घराच्या दारात, हळू आवाजात विचारतात, म्हणून इथे मोठ्याने लिहितेय.

पौलाचं आणि पेत्राचं भांडण झालं होतं असं म्हणतात, ते काय?

गलतीकरांस २:११ पासून पुढे आहे. मराठी माणसाला हे लगेच कळेल, कारण भांडण पंगतीवरून झालं. अंत्युखियाच्या मंडळीत यहुदी आणि बिगर-यहुदी विश्वासणारे एकत्र जेवत होते, येशूचा शिष्य पेत्रही त्यांच्यात बसायचा. मग यरुशलेमेतून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसं आली आणि पेत्र हळूहळू उठून वेगळा बसायला लागला. त्याचं बघून बाकीचे यहुदी उठले, पौलाचा सोबती बर्णबा सुद्धा उठला. म्हणजे सरळ पंक्तिभेद. पेत्राला चांगलं माहीत होतं की देवाने कोणालाही अशुद्ध म्हणू नकोस असं सांगितलंय, कर्नेल्या या बिगर-यहुदी अधिकाऱ्याच्या घरी तो स्वतः जाऊन आला होता, प्रेषितांची कृत्ये १० मध्ये ते आहे. तरी लोक काय म्हणतील याची भीती वाटली.

पौल त्याला सगळ्यांसमोर बोलला. मला लहानपणी वाटायचं की एवढ्याशा गोष्टीवरून चारचौघांत कशाला बोलायचं, बाजूला घेऊन सांगता आलं असतं. आता वाटतं की नाही, पाटावरून उठणं ही शिकवणच होती. पेत्राने तोंडाने एक शब्द चुकीचा सांगितला नव्हता, पण त्याचं रिकामं पान तिथल्या प्रत्येक बिगर-यहुद्याला सांगत होतं की ख्रिस्त पुरेसा नाही, अजून काहीतरी करून ये मग सोबत बसू. याच परिच्छेदाच्या शेवटी ते जड वाक्य आहे, नियमशास्त्राने जर नीतिमत्त्व (देवासमोर नीतिमान ठरणं) मिळत असेल तर ख्रिस्त विनाकारण मेला.

याच वादावर साधारण इसवी सन ४९ च्या सुमारास यरुशलेमेत बैठक झाली, कृत्ये १५. ठरलं की बिगर-यहुद्यांवर सुंता आणि मोशेच्या शास्त्राचं ओझं टाकायचं नाही. मूर्तीला वाहिलेलं, रक्त, गुदमरवून मारलेलं आणि जारकर्म एवढं टाळा असं पत्र गेलं.

आपल्या चर्चमध्ये आता सुंतेवरून कोणी भांडत नाही, पण पंगत अजून आहे. कोण कुठल्या जातीतून आलं, कोणाचा बाप्तिस्मा कसा झाला, कोणाला इंग्रजी प्रार्थना येते, यावरून कोण कोणाशेजारी बसतं ते एखाद्या रविवारी बघा.

याकोबाच्या पत्रात म्हटलंय, क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे. मग पौल खरा की याकोब?

दोघंही, आणि दोघंही अब्राहामाचंच उदाहरण देतात. पौल उत्पत्ती १५ दाखवतो, अब्राहामाने विश्वास ठेवला आणि ते त्याला नीतिमत्त्व असं गणलं गेलं, तेव्हा सुंताही झाली नव्हती, ती १७ व्या अध्यायात येते. याकोब उत्पत्ती २२ दाखवतो, मुलगा इसहाक याला अर्पायला निघाला तो प्रसंग, म्हणजे बऱ्याच वर्षांनंतरचा. पौलाच्या समोर कर्मं करून देवाकडे जागा मिळवू बघणारे बसलेत, याकोबाच्या समोर विश्वास विश्वास म्हणत उघड्या भावाला नुसतं "ऊब घे" सांगून पाठवणारे. दोघांना एकच औषध कसं चालेल?

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यात हेच भांडण होतं न?

मोठ्या प्रमाणात हो. ज्याच्यापासून प्रोटेस्टंट चळवळ सुरू झाली तो मार्टिन लूथर साधू असताना तासन्‌तास पापांची कबुली द्यायचा आणि तरी मनाला शांती नाही, मग रोमकरांस पत्रातून त्याला वाट दिसली. १५१७ मध्ये त्याचे ९५ मुद्दे आले, आणि पुढे चर्चची फाळणी झाली. उलट बाजूने ट्रेंटच्या परिषदेत (१५४५ ते १५६३) कॅथलिक चर्चने आपलं म्हणणं मांडलं, की कृपा माणसाला आतून खरोखर नवं करते, नुसतं वरून नीतिमान म्हणून घोषित करत नाही.

पण पुढचं फार थोड्यांना माहीत असतं. ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीत ऑग्सबर्गला कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक महासंघाने एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, की आपल्या कुठल्याही लायकीमुळे नाही तर केवळ कृपेने, ख्रिस्तावरच्या विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा आपलं हृदय नवं करून चांगल्या कामांना लावतो. २००६ मध्ये मेथडिस्टही त्यात आले. सगळे मतभेद संपलेत असं नाही, पण ज्या मुद्द्यावर फाळणी झाली त्यावर एवढं एकत्र म्हणता आलं याने मला फार धीर येतो.

मग लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांचे उपवास, रोजची प्रार्थना, हे सगळं सोडून द्यायचं का?

नाही. मी अजून उपवास करते. पण आधी कशी करायची ते सांगते.

विशीत मी एका प्रार्थना-ग्रुपमध्ये होते, नाव घेत नाही. तिथे वही असायची. किती अध्याय वाचले, किती वाजता उठलात, उपवास किती, रोज टिक करायची आणि रविवारी वही दाखवायची. मला टिक करायला आवडायचं, माझी वही सगळ्यात भरलेली असायची. एका लेंटमध्ये मी चाळीस दिवस गोड सोडलं होतं, आणि एकतिसाव्या दिवशी चुलतबहिणीसोबत सराफ्यात गेले आणि गरम जिलबी खाल्ली, दोन कडी. घरी आल्यावर झोप नाही. सकाळी मी त्या दिवसावर टिक केली. जिलबी खाल्ल्याचं मला एवढं लागलं नाही, जेवढं ती टिक बघून लागलं. देवाला खूश ठेवायला धरलेल्या वहीत मी देवालाच खोटं लिहिलं होतं.

पंडिता रमाबाईंबद्दल नंतर वाचलं तेव्हा मला त्या जवळच्या वाटल्या. संस्कृत शास्त्रं तोंडपाठ असलेली बाई, १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की सुमारे आठ वर्षांनी त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी किती काम केलं आणि हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल केलं ते सगळ्यांना माहितीये. एवढं काम करणारी बाई आधी आठ वर्षं कोरडीच होती, हे वाचून मी वही बंद केली.

आता उपवास करते तेव्हा कुठे लिहीत नाही. मोडला तर मोडला, दुसऱ्या दिवशी परत बसते.

दशांश द्यायलाच पाहिजे का? शब्बाथ शनिवारी पाळायचा का? मंगळसूत्र, टिकली?

दशांश : २ करिंथकरांस ९:७ वाचा, मनात ठरवलं तसं, नाइलाजाने नाही. मी दहा टक्के देते कारण मला तो आकडा सोपा पडतो. दहा टक्के न देणारा शापित आहे असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. शब्बाथ : कलस्सैकरांस २:१६, शब्बाथावरून कोणी तुम्हाला दोष लावू नये. मंगळसूत्र, टिकली वगैरे : रोमकरांस १४ पूर्ण अध्याय वाचा, प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करावी. क्रूसाचं पदक असलेलं मंगळसूत्र आपल्याकडे कितीतरी बायका घालतात.

गणपतीत शेजारी मोदक आणून देतात, घ्यायचे का?

इथे घाईने उत्तर देत नाही. १ करिंथकरांस ८ ते १० मध्ये पौल दोन्ही बाजू धरतो. अन्नाने आपण देवाच्या जवळ जात नाही की लांब होत नाही. पण कोणी हे नैवेद्याचं आहे असं सांगून दिलं तर समोरच्याच्या विवेकासाठी खाऊ नका, असंही म्हणतो. आमच्याकडे काही जण घेतात, काही हात जोडून नाही म्हणतात. मी शेजारणीला खूप वर्षांपूर्वी प्रेमाने सांगून ठेवलंय, ती आता नैवेद्याआधीचे वेगळे काढून आणते, आणि नाताळात माझ्याकडच्या करंज्या तिच्या घरी जातात. नियम लावून हे झालं नसतं, बसून बोलल्यावर झालं.

मी खरंच विश्वास ठेवतो, तरी त्याच पापात परत परत पडतो. मग माझा विश्वास खोटा आहे का?

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तसं होतं. पौलानेच लिहिलंय, जे चांगलं करावंसं वाटतं ते करत नाही आणि नको ते करतो, रोमकरांस ७. तो बाप्तिस्म्याआधीचं सांगतोय की नंतरचं, यावर विद्वानांत मतं वेगळी आहेत. पण सात संपून आठ सुरू होतो तो कसा, तर ख्रिस्तात जे आहेत त्यांना आता दंडाज्ञा नाही. लढाई जिंकल्यावर हे वाक्य येत नाही, चिखलात उभ्या असलेल्या माणसाला ते ऐकू येतं.

दारू सोडू बघणारा एक जण आमच्यात बसतो. पडला की तो दोन-तीन शुक्रवार यायचाच नाही, तोंड कसं दाखवू म्हणून. आम्ही त्याला एकच सांगितलं होतं, पडलास त्याच आठवड्यात ये. आता तो पडला तरी येतो. मागच्या काही महिन्यांत पडणं कमी झालंय, कधी पूर्ण थांबेल मी सांगू शकत नाही. पण लपणं बंद झालं तिथेच काहीतरी सुरू झालं हे मी डोळ्यांनी बघितलंय. तुम्हाला त्या पापाचा त्रास होतोय न? मेलेल्याला टोचलेलं कळत नाही. डॉक्टरची, समुपदेशकाची मदत लागत असेल तर तीही घ्या, त्याने विश्वास कमी होत नाही.

म्हणजे दहा आज्ञा आता पाळायच्या की नाही? हो की नाही सांगा.

चोरी करू नका, खोटी साक्ष देऊ नका, हो, अर्थातच. रोमकरांस १३:८-१० मध्ये पौल म्हणतो की प्रीती शेजाऱ्याचं वाईट करत नाही म्हणून प्रीती हेच नियमशास्त्राचं पूर्णपणे पालन. आणि यिर्मया ३१ मध्ये देवाने आधीच सांगून ठेवलं होतं की मी माझं शास्त्र त्यांच्या हृदयावर लिहीन. आज्ञा गेली नाही, तिची जागा बदलली, दगडावरून आत आली.

इंदूरवाल्यांना हे कळायला कठीण नाही. २०१७ मध्ये आपण स्वच्छतेत देशात पहिले आलो, त्याच्या आधीची सुरुवात चलानाने झाली, कचरा फेकला की पावती, आणि लोक इकडेतिकडे बघून फेकायचे. आता माझी नात चॉकलेटचा कागद घर येईपर्यंत मुठीत धरून ठेवते, तिला चलान म्हणजे काय ते माहीतही नाही. रस्ता आपला आहे एवढंच माहितीये. उपमा पूर्ण बसत नाही, कारण हृदयावर लिहायचं काम पवित्र आत्मा करतो, आणि ते नगर निगमच्या गाडीसारखं रोज ठरलेल्या वेळेला होताना दिसत नाही. पण चलान आणि ती मूठ यातला फरक मला रोज डोळ्यासमोर दिसतो.

शुक्रवारी यायचं असेल तर काही तयारी? उपवास, डोक्यावर पदर, आणि मी ख्रिस्ती नाही, चालेल न?

चालेल. जसे आहात तसे, ऑफिसमधून परस्पर या, भूक लागलेली असेल तर पोहे असतात, वर शेव पण. बायबल नसलं तरी हरकत नाही, आमच्याकडे जास्तीच्या तीन प्रती आहेत. त्यातल्या निळ्या कव्हरच्या प्रतीत रोमकरांस पत्राची पानं वाचून वाचून शिवणीतून सुटलीयेत, ती हातात आली तर जरा सांभाळून उघडा, आठवा अध्याय खाली पडतो.